वायरलेस माउसची बॅटरी किती उरलीय, कुठे बघायचं? मदत हवी आहे

हिशेबनीस_सिडको
वायरलेस माउसमध्ये किती बॅटरी उरलीय ते कॉम्प्युटरवर कुठे दिसतं? मोबाइलला टक्के दिसतात तसं काहीतरी असेलच ना? माउस सारखा अडकतोय. बाण मध्येच थिजतो, मग एकदम भलतीकडे उडी मारतो. २० तारीख तोंडावर आलीय, बऱ्याच क्लायंटच्या ३बी, म्हणजे जीएसटी रिटर्न, भरायच्या बाकी आहेत. शंका आली की नवा सेल, असं किती दिवस करायचं? लवकर सांगा प्लीज.

गोदाकाठ
माउस कोणत्या कंपनीचा? विंडोज १० की ११? ब्लूटूथने जोडलाय की यूएसबीत छोटा डाँगल लावून? हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

पंचवटी_जुना_वाडा
सेल काढून दोन्ही तळव्यांत जोरात चोळायचा आणि परत घालायचा. रिमोटला आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो. आणखी आठवडाभर चालतो.

हिशेबनीस_सिडको
काळा माउस आहे, वायरलेस. ऑफिसातून मिळालाय. विंडोजच आहे, टॅलीवर काम करते मी.

गोदाकाठ
ताई, काळे माउस शेकड्याने आहेत. उलटा करून बघा, खाली काय लिहिलंय? आणि यूएसबीत नखाएवढं काही खोचलेलं आहे का?

देवळाली_पेंग्विन
विंडोजवर हे असंच चालायचं. लिनक्स मिंट टाका. पॉवर स्टॅटिस्टिक्स उघडलं की लॅपटॉपच्या बॅटरीखाली माउसचीही बॅटरी दिसते. लॉजिटेकचा असेल तर सोलार नावाचा प्रोग्राम आहे, तो डाँगलवरच्या माउसचीही माहिती काढतो. माझ्याकडे व्यवस्थित दिसते.

सातपूर_मेंटेनन्स
पेंग्विनभाऊ, त्यांना परवा रिटर्न भरायचेत आणि तुम्ही ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला सांगताय. टॅली तिकडे सरळ चालतं का ते तरी बघा.
ताई, सॉफ्टवेअरचा नाद सोडा. मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि सेलच्या दोन्ही टोकांना पिना लावा. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल १.५ ते १.६ दाखवतो. १.३ च्या आसपास आला की बराच वापरला गेला. १.१ च्या खाली गेला तर टाकून द्या. मीटर खोटं बोलत नाही.

ओझरकर
मीटर कशाला? सेल उभा धरून टेबलावर बोटभर उंचीवरून सोडा. भरलेला असेल तर धप्पकन तिथेच बसतो, संपलेला असेल तर उडतो. फुकटात होतं.

सातपूर_मेंटेनन्स
उडणारा सेल म्हणजे संपलेला, हे अर्धसत्य आहे. आतल्या जस्ताचं झिंक ऑक्साइड होत जातं, त्यामुळे सेल उडतो. पण निम्मा वापरून झाला की तो जवळपास तितकाच उडतो जितका पूर्ण संपल्यावर. म्हणजे नवा की वापरलेला एवढंच कळणार, किती उरलाय ते नाही. आणि हे फक्त अल्कलाइनचं. घड्याळात घालतो त्या स्वस्तातल्या सेलला किंवा चार्जिंगच्या सेलला ही परीक्षा लागू नाही.

ओझरकर
घरात मीटर असतोच असं नाही, म्हणून सांगितलं. नवा-जुना कळला तरी निम्मं काम होतं.

सातपूर_मेंटेनन्स
मग मीटरचंही अर्धं सत्य सांगतो, म्हणजे वाद मिटेल. चार्जिंगचा सेल मुळात १.२ व्होल्टचा असतो आणि शेवटपर्यंत त्याच्याच आसपास राहतो. त्यामुळे १.२ बघून कोणी तो फेकू नका. माझ्या शेजाऱ्यांनी चांगले चार सेल असेच कचऱ्यात टाकले, अजून वाईट वाटतं.

हिशेबनीस_सिडको
अहो, कंपनीचं नाव पुसलं गेलंय. खाली फक्त चालू-बंदचं बटण आणि एका सेलचं झाकण आहे. यूएसबीत छोटं काळं पिन आहे, ते काढलं की माउस बंद पडतो. विंडोज ११. मला टक्के कुठे दिसतात एवढंच हवंय.

गोदाकाठ
आता नीट सांगतो. माउस ब्लूटूथचा असता तर सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस इथे नावाजवळ टक्के दिसले असते. तेही माउस स्वतः ती माहिती पाठवत असेल तरच. तुमचा डाँगलचा आहे. विंडोजला तो बहुतेक वेळा साधा यूएसबी माउस म्हणूनच दिसतो, बॅटरीचा आकडा पोचतच नाही. मोठ्या कंपन्यांच्या काही माउसना त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर ते दाखवतं, लॉजिटेकचं ऑप्शन्स प्लस त्यातलंच. नाव नसलेल्या माउसला तसं काही मिळणार नाही. आणि नेटवर कुठलंही ‘बॅटरी चेकर’ दिसलं तर डाउनलोड करू नका. त्या लॅपटॉपवर क्लायंटचे पासवर्ड आहेत.
पण मला ही बॅटरीची गोष्ट वाटतच नाही. नवा सेल घातल्यावर किती वेळ नीट चालतो?

गंगापूर_रोड_डिझायनर
माझ्या मॅजिक माउसला चार्जिंगचं भोक पोटाखाली आहे. चार्जिंगला लावला की वापरताच येत नाही, म्हणून मी तो रात्रीच लावतो. टक्के मॅकच्या ब्लूटूथ मेनूत दिसतात.

हिशेबनीस_सिडको
नवीन घातला तरी कधी दुपारपर्यंत चालतो, कधी पाच मिनिटांत अडकतो. म्हणून तर टक्के बघायचेत, सेलच खराब निघतायत का ते कळावं.

गोदाकाठ
पाच मिनिटांत नवा सेल संपत नाही. डाँगलच्या शेजारच्या पोर्टमध्ये काय लावलंय?

हिशेबनीस_सिडको
टॅलीच्या बॅकअपची हार्ड डिस्क. संध्याकाळी लावते, कधी दिवसभर तशीच राहते. तिचा काय संबंध?

गोदाकाठ
तिचाच संबंध दिसतोय. यूएसबी ३ च्या डिस्कवर डेटा जातो-येतो तेव्हा पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. तुमचा माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक पेपर काढला होता. डाँगल डिस्कला चिकटून असला की माउसचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. आत्ता डिस्क सेफली रिमूव्ह करून काढा आणि पंधरा मिनिटं काम करून बघा.

नाशिकरोड_प्रेसगल्ली
एम. जी. रोडला चांगले वायरवाले माउस मिळतात, एकदाच घ्या. फक्त गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात दुपार जाते.

सातपूर_मेंटेनन्स
वायर शेवटी तुटते ती माउसच्या तोंडाशी. तेही बघितलंय.

हिशेबनीस_सिडको
डिस्क काढली. दोन क्लायंटच्या ३बी झाल्या, एकदाही अडकला नाही. परत लावून कॉपी सुरू केली, लगेच थिजला. पण बॅकअप तर घ्यावाच लागणार!

गोदाकाठ
घ्याच, तो सोडू नका. डाँगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. तिकडे पोर्ट नसेल तर यूएसबीची हातभर एक्स्टेन्शन केबल घेऊन डाँगल माउसजवळ आणा. डिस्क आणि डाँगल यांच्यात जेवढं अंतर तेवढं चांगलं.

पंचवटी_जुना_वाडा
आणि सेल चोळून बघितला का?

हिशेबनीस_सिडको
दुसऱ्या बाजूला लावला, डिस्क चालू असतानाही बाण नीट फिरतोय. खालच्या वायरमनदादांनी मीटर लावून दिला. जो सेल संपला म्हणून काढला होता तो अल्कलाइन आहे आणि १.४८ आला. ड्रॉवरमध्ये असेच आणखी पडलेत, तेही चालतील का?

सातपूर_मेंटेनन्स
१.४८ म्हणजे भरपूर आहे, घाला परत. बाकीचेही एकेक करून मोजा. बूड ओलं किंवा पांढरं झालेलं असेल तो मात्र माउसमध्ये घालू नका, आतली पट्टी खाऊन टाकतो.