दिवाणखान्यासाठी कोणता टीव्ही घ्यावा?

प्रश्न: सोफ्यापासून भिंत आठ फुटांवर असून खोलीत दुपारभर ऊन असते. घरात मुख्यतः बातम्या आणि क्रिकेट पाहिले जाते. ४३ इंची घ्यावा की ५५, आणि ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा पडदा) योग्य ठरेल का?

उत्तर: फोर-केचे (सुमारे चार हजार ठिपके रुंदीच्या सुस्पष्ट चित्राचे) बारकावे एवढ्या अंतरावरून दिसायचे असतील, तर ५५ इंचीच घ्यावा. त्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते, तेव्हा भिंत आधी मोजावी.

दुसरे उत्तर: ओएलईडीचा प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतंत्रपणे विझत असल्याने त्याचा काळा रंग अप्रतिम दिसतो, परंतु वृत्तवाहिनीची खालची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली, तर तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटू शकतो. आपल्या खोलीसाठी उजळ क्यूएलईडी (मागून प्रकाश टाकणारा एलसीडी पडदा) मला अधिक पटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बाजूच्या खुर्चीवरून रंग फिके दिसतील का?

उत्तर: एलसीडी पडद्याच्या दोन प्रकारांपैकी व्हीए पॅनेलवर दिसतात, आयपीएसवर कमी. दुकानात बाजूला उभे राहूनच पाहावे.