पोर्ट अडकलं तर सर्व्हरने बंद पडावं की पुढचं पोर्ट घ्यावं?

रात्रपाळी: काल इथे एकाने लिहिलं, नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) सर्व्हर सुरू होताना पोर्ट 3000 (ज्या क्रमांकावर तो मागण्या घेतो) दुसऱ्या प्रोसेसने अडवलेलं असेल तर कोडने गुपचूप 3001 घ्यावं, लोकांना लाल एरर कशाला दाखवायची? वाचून राहवलं नाही. समोरचा एनजिनएक्स (मागण्या आत पुढे पाठवणारा सर्व्हर) 3000 कडेच पाठवत असतो! आमच्याकडे नेमकं हेच झालं. जुनी प्रोसेस 3000 धरून बसलेली, नवी 3001 वर, लॉगमध्ये 'सर्व्हर सुरू'. ग्राहकांना जुने दर दिसत राहिले आणि शिव्या खाल्ल्या सपोर्टच्या मुलींनी. 'एरर' इव्हेंटला हँडलर लावा, पोर्ट छापा, एक्झिट कोड 1 (म्हणजे 'अपयश') देऊन बाहेर पडा. पुढचं सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा) बघेल.

फ्रंटएंडवाली: व्हीट (फ्रंटएंड बनवताना आपल्या मशीनवर चालणारा सर्व्हर) 5173 मोकळं नसेल तर 5174 घेतं, कुणाचं काय बिघडलं? आणि नोडच्या डॉक्समध्येच एका सेकंदाने पुन्हा लिसन (पोर्ट घ्यायचा प्रयत्न) करायचं उदाहरण आहे. तेही चूक का?

रात्रपाळी: नीट वाचा. ते त्याच पोर्टवर पुन्हा प्रयत्न करतं. आणि व्हीटसमोर माणूस बसलेला असतो, प्रॉडक्शनला कोण बसतं?

फ्रंटएंडवाली: सिस्टमडीबद्दल तुम्हीही वाचा मग. रीस्टार्ट लावलं तरी मूळ सेटिंगला दोन प्रयत्नांत फक्त 100 मिलिसेकंद, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की तो नाद सोडतो. जुनी प्रोसेस तेवढ्यात बाहेर पडली नाही तर तुमचा सर्व्हर कायमचा बंद!

रात्रपाळी: बरं, रीस्टार्टसेक (दोन प्रयत्नांमधलं अंतर) वाढवावं लागतं, मान्य. 3001 तरीही चूकच.

घाटावरचा: निम्मे लोक लिसनभोवती ट्राय-कॅच (एरर पकडायची रचना) लावतात, त्याचं काय? पोर्ट अडकल्याची एरर नंतर इव्हेंट म्हणून येते, कॅचला सापडतच नाही. 70000 असलं पोर्ट दिलं तर मात्र जागेवर थ्रो. एक्सप्रेस 5 (नोडचं वेब फ्रेमवर्क) मध्ये तर पोर्ट अडकल्याची एरर लिसनच्या कॉलबॅकला (नंतर चालणाऱ्या फंक्शनला) येते. जुना कॉलबॅक तसाच ठेवलात तर पोर्ट न मिळताही 'सर्व्हर सुरू' छापेल.

किलनाईन: एवढं कशाला? एलसॉफ कमांडने पोर्ट धरणाऱ्या प्रोसेसचा पीआयडी (क्रमांक) काढा, किल -9 (जबरदस्तीने लगेच बंद) मारा, विषय संपला.

घाटावरचा: या -9 ने वीट आणलाय! पालक प्रोसेसला -9 मारलंत की तिने सुरू केलेलं खालचं नोड जिवंत राहतं आणि पोर्ट तेच धरून ठेवतं. साधा सिगटर्म (नीट बंद व्हायचा इशारा) पाठवा, सर्व्हर क्लोज होऊ द्या.

किलनाईन: पाठवून बघितलंय. वेबसॉकेट (ग्राहकांशी सतत उघडी जोडणी) उघडे असले की क्लोज संपतच नाही. डिप्लॉय (नवा कोड चढवणं) अडकलेलं असताना मॅनेजर डोक्यावर उभा असतो, तेव्हा तुमचं तत्त्वज्ञान कामाला येत नाही.

घाटावरचा: मग सॉकेट स्वतः बंद करा, वर टायमर लावा! लोकांचं अर्धवट पेमेंट मधेच तोडायचा हक्क कुणी दिला?

फ्रंटएंडवाली: मॅकवाल्यांनो, 5000 वर काही मारायच्या आधी बघा. मॅकओएस मॉन्टेरेपासून तिथे एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या उपकरणावरून चित्र-आवाज घेणारी मॅकची सेवा) असतो, मारला तरी परत उठतो. सेटिंगमधून बंद करा.

किलनाईन: हे मात्र खरं. मी त्याच्यावरच -9 मारत बसलो होतो.