घरच्या बिअरचं फर्मेंटेशन झाकण न उघडता मोजायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोंड्याला राहतो. हौसेपुरती बिअर घरी करतो, एका खेपेला दहा लिटर, फूडग्रेड बादलीत, झाकणावर एअरलॉक (आतला वायू सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी). बादली जुन्या फ्रिजमध्ये, बाहेरून कंट्रोलर लावून आत १९-२० अंश. इथल्या मे महिन्यात त्याला इलाज नाही. साधं एल (ale) बिअरचं यीस्ट तिशीच्या वर भराभर आंबवतं, पण बिअरला थिनरचा वास मारतो.

अडचण अशी, की रोज नमुना काढून हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती काचनळी) बुडवायचा म्हणजे दर वेळी पेलाभर बिअर वाया, आणि पावसाळ्यात झाकण उघडणं म्हणजे भिंतीवरच्या बुरशीला आवतण. एअरलॉकच्या बुडबुड्यांवर माझा भरवसा नाही. झाकण जरा सैल असलं की वायू तिकडून निसटतो आणि एअरलॉक गप्प. उलट वीज जाऊन फ्रिज तापला की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि सगळं आटोपलेलं असतानाही बुडबुडे येत राहतात. साखर शिल्लक असताना बूच लावलं तर बाटली फुटते, म्हणून अंदाजावर सोडवत नाही.

सासऱ्यांची सत्तरी तालुक्यात काजूच्या दारूची भट्टी आहे. त्यांच्या मते रस फसफसायचा थांबला की झालं, मोजायचं काय त्यात! त्यांना तो पुढे उकळायचाय, मला बाटलीत कोंडायचाय.

मला फोनवर आलेख हवाय. घनता (पाण्याची १.०००) १.०५० पासून उतरत १.०१२ च्या आसपास येते, ती रेघ आडवी कधी झाली तेवढं कळावं. आयस्पिंडलबद्दल वाचलं: तरंगती नळी, आत ईएसपी८२६६ ही वायफायची चिप, कल मोजणारा एमपीयू-६०५० आणि १८६५० ही चार्ज होणारी बॅटरी. वर्ट, म्हणजे आंबवायचा गोड रस, दाट असताना नळी आडवी कलते, साखर संपत जाते तशी उभी होते. पण फ्रिजच्या पत्र्यातून वायफाय येईल का? आणि फेस चिकटून कल बिघडला तर? दुसरा पर्याय बादली लोड सेलवर (वजनाचा सेन्सर) ठेवून वजन बघायचा. कोणी केलंय का?

उभा_आडवा:
आयस्पिंडल वापरतो. वायफाय दाराच्या रबरी गॅस्केटमधून येतं, राउटर दाराच्या बाजूला आणा. सिग्नल कमजोर असला तर जोडणी लागेपर्यंत सेल उतरतो, म्हणून पंधरा मिनिटांतून एकदाच जागं करा. फेसाने पहिले काही दिवस आलेख उड्या मारतो, तिकडे लक्ष देऊ नका, शेवटचा सपाट भाग खरा. कॅलिब्रेशन साखरेच्या पाण्यात: १२४ ग्रॅम साखर आणि ८७६ ग्रॅम पाणी, २० अंशाला जवळपास १.०५०.

वायरवाला:
माझं मत वजनाला. साखरेचं अल्कोहोल होताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्याचं वजन चांगलं भरतं. तुमच्या आकड्यांना लिटरमागे ढोबळ ३८ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला पावणेचारशेच्या आसपास. झाकण गळकं असलं तरी बिघडत नाही, वायू कुठूनही गेला तरी वजन घटणारच. बादलीत काही बुडवायचं नाही, म्हणजे निर्जंतुक करायची कटकटही नाही.

लोड सेलच्या खोडी मात्र आहेत. सतत भार राहिला की आकडा आपोआप सरकतो, तापमानानेही सरकतो. आधी साध्या पाण्याची झाकलेली बादली तीन-चार दिवस ठेवा, किती सरकतो ते दिसेल. कॉम्प्रेसर चालू असताना थरथर असते, तेव्हा बऱ्याच नोंदींची सरासरी घ्या. एचएक्स७११ च्या बोर्डाला (लोड सेलचा आकडा वाचणारं सर्किट) वार्निशचा हात द्या, आपल्या दमटपणात आणि फ्रिजच्या घामात तो उघडा टिकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एचएक्स७११ चे तयार नमुना-प्रोग्राम चालू होतानाच काटा शून्यावर आणतात. वीज गेली आणि आली की भरलेली बादलीच शून्य, आलेख गेला! ती ओळ काढा, शून्याचा आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) साठवा.

उभा_आडवा:
हे मान्य. पण बाटल्या भरण्याआधी हायड्रोमीटर दोनदा लावाच, दोन दिवसांच्या अंतराने. नमुना २० अंशाला आणून बघा, तिशीला तोच हायड्रोमीटर तिसऱ्या दशांश स्थळी साधारण दोन अंक कमी दाखवतो.

धागाकर्ता:
शून्याची गोष्ट लक्षातच आली नसती, आभार. सासऱ्यांना भट्टीवर वजनकाटा दाखवण्यात अर्थ नाही, पण माझ्यापुरतं वजनच करतो. जुना बाथरूमचा काटा पडलाय, त्यातले चार सेल चालतील?

वायरवाला:
चालतील, पण ते माणसाच्या वजनाचे, तुम्हाला दहा-वीस ग्रॅम बघायचेत. २० किलोचा एकच बार (पट्टीसारखा लोड सेल) घ्या, वर-खाली प्लायचे तुकडे स्क्रूने आवळा, आणि बार दोन्ही टोकांना प्लायपासून वॉशरने उचला, नाहीतर तो वाकणारच नाही.