जुनी बुलेट सकाळी निळा धूर सोडते, ऑइल पंप की पिस्टन रिंग?

घोडबंदरकर: 1984 ची कास्ट आयर्न इंजिनची 350, पावसाळाभर झाकून ठेवलेली, आता किक मारली की सोसायटीभर निळा धूर आणि मग जरा वेळाने आपोआप कमी. डिपस्टिकवर ऑइल पण खाली दिसतं. मेकॅनिक म्हणतो बोअर कर, म्हणजे सिलिंडर कापून मोठा पिस्टन आणि रिंग टाक. करू का?

वाशीवाला: थांब रे, बोअरचं नंतर. उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल फीड पंपातून (इंजिनला ऑइल देणारा) झिरपत क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो तो खालचा कप्पा) उतरतं, यालाच वेट सम्पिंग म्हणतात; किक मारली की तेच जळून निळा धूर. ऑइल परत टाकीत नेणारा रिटर्न पंप मोठा असतो, तो चालू झाल्यावर उपसून काढतो म्हणून धूर थांबतो. सकाळी किक मारायच्या आधी क्रँककेसचा ड्रेन प्लग उघड, भसाभसा ऑइल पडलं तर कळलंच. मग टायमिंग कव्हर (इंजिनच्या बाजूचं झाकण, पंप यातच असतात) काढून पंपाच्या डिस्क बघ, चरे असले तर बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून बसव, पण नंतर धुताना आळस नको, पेस्टचा कण राहिला तर बेअरिंगची वाट.

घोडबंदरकर: घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढाला धूर नाही दिसत.

कळवेकर: मग रिंग बऱ्या असतील, त्या गेल्या की लोडवर धूर येतो. उतारावर थ्रॉटल सोडून परत दिल्यावर भपका आला तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) झिजलेलं. आणि कव्हर बसवताना कॉर्क सील नवीन टाक, स्वस्तात मिळतं, ते गळलं तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) कोरडा.