मदत हवी आहे: आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी अळी), फांदी पावसाआधी उतरवू की थांबू?

चिपळुणात झाडं छाटायची, परसू साफ करायची कामं घेतो. एका घरामागे जुना रायवळ आंबा आहे, अंदाजे 40 फूट. त्याची मांडीएवढी जाड फांदी शेजारच्या पत्र्यावर गेलीय आणि तिच्या बेचक्याजवळ भिरूड लागलंय. तीन भोकं आहेत, खाली ओला भुसा पडतो, डिंक गळतो. टोकाची पानं अजून हिरवी आहेत.

आतापर्यंत केलेलं: तारेने भोकं साफ केली, एक अळी निघाली. पेट्रोलचा बोळा घालून चिखलाने भोकं लिंपली. आठ दिवसांनी एका भोकातून पुन्हा ताजा भुसा आला. हातोडी मारली की तेवढ्या भागात पोकळ आवाज येतो.

अडचणी अशा. परवानगी फक्त छाटणीची मिळालीय, झाड तोडायची नाही, आणि मालकांनाही ते तोडायचं नाही. आजोबांनी लावलेलं आहे, मलाही ते वाचावं असंच वाटतं. बोळ पाच फुटांचा, क्रेन जात नाही. फांदी दोराने तुकड्या-तुकड्यानेच उतरवावी लागेल. अंगणात लहान मुलं असतात, म्हणून जहाल औषध नको.

मोठी छाटणी मी एरवी ऑक्टोबरनंतरच करतो, कारण पावसात जखम कुजते. पण जूनच्या वाऱ्यात ही फांदी टिकेल याची खात्री नाही. कापलेल्या जागेवर बोर्डोपेस्ट (बुरशी रोखणारा लेप: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) लावणारच आहे, पण मुसळधार पावसात ती किती टिकणार?

ज्यांनी कोकणात असं काम केलंय त्यांनी सांगा: आत्ता गाठीपासून (फांदी खोडाला मिळते तिथून) पूर्ण फांदी काढू, की शेंड्याकडचं वजन कमी करून बाकीची ऑक्टोबरपर्यंत ठेवू?