मदत हवी आहे: हरणासाठी ठासणीची रायफल, .५० की .५४? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

सह्यकडा
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे, म्हणून थेट विचारतो. मी अमेरिकेत असतो. हरणाच्या शिकारीसाठी जुन्या पद्धतीची ठासणीची (बंदुकीची दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची) रायफल घ्यायची आहे. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचा इंचातला व्यास, त्यावरच अडलंय. दुकानात .५४ तयार आहे. .५० मागवली तर येईपर्यंत सीझन संपेल. दुकानदाराने शुक्रवारपर्यंत बाजूला काढून ठेवली आहे. रेंजवरचा एक मित्र म्हणतो .५४ चा धक्का उगाच सोसायचा, .५० च घे. दुसरा म्हणतो .४५ सुद्धा पुरते. ज्यांनी खरंच वापरली आहे त्यांनी सांगा. परवाना, टॅग, कोर्स सगळं झालेलं आहे, त्यावर चर्चा नको.

रानवाट
राज्य कोणतं? चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) की टोपीची (स्फोटक टोपीने पेटणारी)? कापडात गुंडाळलेली गोल गोळी मारणार की लांबट? नळीचा पीळ (आतल्या खाचांचा वेढा) किती? साधारण किती अंतरावरून? यातलं काहीच लिहिलेलं नाही. हे कळल्याशिवाय कॅलिबर सांगण्यात अर्थ नाही.

एल्कवेडा
डोळे मिटून .५४ घ्या. आमच्या कोलोरॅडोत हरणाला किमान .४० चालते, पण एल्कला (मोठ्या जातीच्या हरणाला) किमान .५० लागते. आज .५४ घेतलीत की उद्या एल्कसाठी दुसरी घ्यायला नको. मी सप्टेंबरात तीच घेऊन डोंगरात जातो, कधी कमी पडली नाही.

सह्यकडा
एल्क नाही हो, व्हाईटटेल (साधं, लहान हरीण). पेनसिल्व्हेनिया. ख्रिसमसनंतरचा सीझन.

रानवाट
मग हे आधी सांगायचं ना! २६ डिसेंबरला सुरू होणारा तो सीझन फक्त चकमकीच्या बंदुकांचा. एकनळी, उघडी साइट, कॅलिबर किमान .४४. म्हणजे तुमच्या तिन्ही रायफली नियमात बसतात. आता पीळ आणि अंतर सांगा.

तंत्रस्नेही
एवढा खटाटोप कशाला? सरळ .५० ची इनलाइन (आधुनिक ठासणीची, पेटवणारा प्रायमर नळीच्या थेट मागे) घ्या, २०९ प्रायमर, वर दुर्बीण. दीडशे यार्डांपर्यंत निर्धास्त. पावसाची भीती नाही, रंजक (बाहेरून पेटवायची चिमूटभर दारू) उडायची भानगड नाही.

रानवाट
प्रतिसाद वाचून तरी लिहा. त्या सीझनमध्ये इनलाइन चालत नाही. ती ऑक्टोबरच्या मझललोडर सीझनमध्ये चालते, आणि तेव्हा फक्त शिंगं नसलेलं हरीण मारता येतं.

तंत्रस्नेही
मग ऑक्टोबरात जावं. जखमी जनावर रात्रभर शोधत फिरण्यापेक्षा बरं. पहिल्याच वर्षी चकमक हातात घेणं मला योग्य वाटत नाही, हे मनापासून सांगतो.

गणिती
आकडे देतो, म्हणजे वाद कमी होईल. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते.
.४५ ची गोळी (.४४० इंच) साधारण १२८ ग्रेन (वजनाचं छोटं माप).
.५० ची (.४९० इंच) १७७ ग्रेन.
.५४ ची (.५३० इंच) २२४ ग्रेन.
व्यास ८ टक्के वाढला की वजन २६ टक्के वाढतं, कारण वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते, शंभर यार्डांवर वेग निम्म्याच्या आसपास येतो. लांबवर मदतीला येतं ते वजन. पण पन्नास यार्डांच्या आत तिन्ही गोळ्या हरणाच्या फुप्फुसांतून जातात. तिथे कॅलिबरपेक्षा नेम महत्त्वाचा.

लँकेस्टरकर
गणितीशी सहमत, आणि म्हणूनच .५० घ्या असं म्हणेन. एका पौंडात ७००० ग्रेन. तेवढ्या शिशात .५० च्या ३९ गोळ्या होतात, .५४ च्या ३१. दारूही कमी लागते, म्हणजे सराव जास्त होतो. आमच्या भागातल्या जर्मन कारागिरांनी आखूड, जाड नळीच्या येगर (जर्मन शिकारी) रायफलीवरून लांब, बारीक नळीची पेनसिल्व्हेनिया रायफल घडवली, त्यामागे हाही हिशेब होता. माणूस महिनोन्महिने रानात, शिसं आणि दारू पाठीवर.

एल्कवेडा
त्या काळचा हिशेब आज कशाला? गाडीने जाणार, दोन-चार गोळ्या खिशात. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. बाहेरून तेवढ्याच जाडीची नळी असेल तर .५४ ची रायफल .५० पेक्षा हलकी भरते, कारण भोक मोठं.

लँकेस्टरकर
हलकी म्हणजे धक्का जास्त. तुम्हीच माझा मुद्दा मांडलात.

देवगडकर
मी अमेरिकेत नाही, .५० की .५४ यातलं मला काही कळत नाही. पण आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, माकडं आणि रानडुकरं हाकायला. ते एकच गोष्ट घोकायचे: दारू कोरडी तर बंदूक, नाहीतर काठी. ओल्या हवेत चापाच्या भागावर मेणकापड बांधलेलं असायचं. तुमच्याकडे तर डिसेंबरात बर्फ पडतो. कानातली (रंजकाच्या वाटीतली) दारू कशी सांभाळणार ते आधी ठरवा.

रानवाट
देवगडकर, लाख बोललात. इथेही त्यासाठी तेल लावलेल्या चामड्याचं आवरण मिळतं. ओल्या दिवशी रंजक अधूनमधून बदलत राहायचं. आणि थंडीतली भरलेली बंदूक उबदार घरात आणली की आत दव धरतं, म्हणून रंजक झटकून ती थंड पण सुरक्षित जागी कुलपात ठेवायची.

वाटसरू_७
तुम्ही एच-वनवर आहात का? असाल तर आधी वकिलाला विचारा.

सह्यकडा
ग्रीन कार्ड आहे. तो प्रश्नच नाही. पिळाचं विचारलं होतं: नळीवर एकास सहासष्ट (सहासष्ट इंचांत एक वेढा) लिहिलंय. जंगल दाट हेमलॉकचं, चाळीस ते साठ यार्डांपलीकडे काही दिसतच नाही. गोल गोळीच मारणार. आणि मी डावखुरा आहे, डाव्या हाताची तीच एक शिल्लक होती. पायरोडेक्सचा (काळ्या दारूऐवजी वापरतात त्या दारूचा) डबा घेऊन ठेवलाय, चालेल ना?

रानवाट
अहो, आत्ता कुठे खरी माहिती आली!
डाव्या हाताचं लॉक (पेटवायची यंत्रणा) आहे ना, मग .५४ सोडू नका. उजव्या हाताची चकमक डाव्या खांद्यावरून चालवली तर रंजकाचा भडका थेट तुमच्या तोंडासमोर. माणसं तशी चालवतात, पण ज्याला तिथे जाळ दिसतो त्याचे डोळे मिटतात आणि नेम गेला. चष्मा मात्र कुठलीही बंदूक असली तरी हवाच.
एकास सहासष्ट म्हणजे सावकाश पीळ, खास गोल गोळीसाठी. एकास अठ्ठावीसचा असता तर मी नको म्हटलं असतं.
पायरोडेक्स चकमकीत चालत नाही. ते पेटायला जास्त उष्णता लागते. रंजक पेटतं आणि आतला बार (गोळीमागची दारू) तसाच राहतो. खरी काळी दारूच हवी.

लँकेस्टरकर
डाव्या हाताचं असेल तर मीही .५० चा हट्ट सोडतो. पण धक्क्याचं एक बघून घ्या: दस्त्याचं टोक रुंद आणि सपाट आहे की कोयत्यासारखं वळलेलं? वळलेला दस्ता खांद्याच्या खळग्यात टेकवला तर टोकं रुततात. तो थोडा बाहेर, दंडाच्या वरच्या भागावर धरायचा. तुमच्या मित्राला .५४ चा त्रास झाला असेल तर बहुतेक त्यामुळे.

सुगरण_पिट्सबर्ग
हरणाचं मांस कसं करायचं तेही सांगून ठेवते. सगळी चरबी काढून टाका, ती तोंडात मेणासारखी बसते. मागच्या पायाचे तुकडे दही, आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा, मग काळ्या मसाल्यात मंद आचेवर रस्सा करा. घाई केलीत तर चामड होतं. आणि तुमचा भाग सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या रोगाच्या पट्ट्यात येत असेल तर डोकं तपासायला द्या, निकाल येईपर्यंत खाऊ नका. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून हा रोग आहे.

गणिती
पूरक: कापड निवडताना झाडलेली कापडं गोळा करून बघा. नळीपासून काही पावलांवर जमिनीवर पडलेली सापडतात. मधे काळा गोल आणि कडा शाबूत असतील तर जुळलं. फाटलेली किंवा जळून भोक पडलेली असतील तर जाड कापड लावा किंवा बार कमी करा. गोळी दारूवर पूर्ण टेकली की गजावर (गोळी ठासायच्या काठीवर) नळीच्या तोंडाशी खूण करा. पुढच्या वेळी खूण वर राहिली तर गोळी अधांतरी आहे. तशी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

सह्यकडा
सगळ्यांचे आभार. दस्ता सपाट आहे, आत्ताच दुकानात फोन करून विचारलं. उद्या .५४ आणतो. शेवटचं एक: दारू २ एफ (जाड दाणा) की ३ एफ (बारीक दाणा)? दुकानदार म्हणतो .५४ ला २ एफच.

रानवाट
पुस्तकी उत्तर तेच. मी .५४ ला सुद्धा ३ एफ वापरतो, चटकन पेटते आणि नळी कमी घाण होते, पण मग बार कमी घ्यावा लागतो. बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत वरची मर्यादा दिलेली असते, तिच्या बरंच खालून सुरुवात करा आणि पाच-पाच ग्रेनने वाढवत गोळ्या कुठे जवळ पडतात ते बघा. माप आकारमानाचं, वजनकाट्याचं नाही. रंजकाला ४ एफची (आणखी बारीक दाण्याची) छोटी कुपी वेगळी घ्या.

एल्कवेडा
२ एफच घ्या. मोठ्या नळीत ३ एफ मला पटत नाही. रानवाट, यावर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.