यादीत नाव नाही म्हणजे सुटला, असं नाही

अमेरिकेत अटक झालेल्या आपल्या माणसाला शोधायचं कसं, या धाग्यात 'काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) साइटवर नाव दिसत नाही, म्हणजे माणूस सुटला असेल' असं वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) साइटवरची कैद्यांची यादी बहुतेक ठिकाणी फक्त सध्या आत असलेल्यांची असते, आणि ग्रामीण भागात ती कधी अद्ययावत होईल याचा भरवसा नसतो. टेक्सासमध्ये तर काही छोट्या काउंट्यांना स्वतःचा जेलच नाही. अटक झालेल्याला शेजारच्या काउंटीत ठेवतात. त्यामुळे आधी जेलच्या बुकिंग डेस्कला, म्हणजे आत आणलेल्यांची नोंद करणाऱ्या खिडकीला, फोन करा आणि शेजारच्या काउंट्याही विचारा. आपली नावं तिथे हमखास उलटसुलट नोंदली जातात, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं, म्हणून जन्मतारीख आधी सांगा.

पण धाग्यात अजून न आलेली आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. काउंटी जेलमधला माणूस इमिग्रेशनच्या म्हणजे 'आइस'च्या ताब्यात गेला, तर त्याची माहिती जाहीर करायला स्थानिक जेलला संघीय नियमानेच मनाई आहे. माणूस त्याच इमारतीत असतो आणि यादीतून नाव गायब! घरच्यांचे काय हाल होत असतील. अशा वेळी 'आइस'चं ऑनलाइन डिटेनी लोकेटर, म्हणजे ताब्यातली माणसं शोधायची साइट, बघा. तिथे ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला नंबर) आणि जन्मदेश लागतो. नंबर नसेल तर पासपोर्टवरचं नाव आणि जन्मदेश टाका. आणि लगेच इमिग्रेशनचा वकील गाठा, सोमवारची वाट बघू नका.